जमीन किती खाली

चहा कपात पडलाच नाही. किटलीची चोच कपाच्या वर नव्हती, कपाच्या शेजारी होती. आणि तो अगदी निवांत, पेपरावर अर्धी नजर ठेवून, टेबलावर चहा ओतत राहिला. एक ओघळ टेबलाच्या कडेपर्यंत आला, तिथे विचारात पडल्यासारखा क्षणभर थांबला आणि मग तिच्या पावलावर उतरला. "अहो!" ती ओरडली. "कप इकडे आहे." "तू सरकवलास," तो म्हणाला. "मी? मी इकडे पाव भाजतेय." "मग टेबल सरकलं असेल," असं म्हणून तो हसला, स्वतःच फडकं घेऊन आला, टेबल पुसलं, वाकून तिचं पाऊल पुसलं, आणि वर "डॉक्टरीणबाई, भाजलं नाही ना?" म्हणून विचारलं. भाजलं नव्हतं. सांडणं काय, कुणाच्याही हातून होतं. पण दुसऱ्यांदा ओतताना त्याने किटलीची चोच आधी कपाच्या कडेला हलकेच टेकवली, चिनीमातीचा किणकिण असा बारीक आवाज आला, आणि मगच किटली कलती केली. ते बघून मात्र तिने भाजता पाव तसाच सोडला. सांडलेला चहा हा अपघात होता. टेकवून ओतलेला चहा ही शिकलेली गोष्ट होती. कुणीतरी बरेच दिवस, कुणी बघत नसताना, सराव करून ती शिकलं होतं.

ती काही खरी डॉक्टर नव्हती. कोपऱ्यावर तिचं चष्म्याचं दुकान होतं, आत पडद्यामागे तपासणीची अरुंद खोली. ही विद्या तिने कॉलेजात बसून मिळवली नव्हती. दुकानाच्या जुन्या मालकामागे उभं राहून, त्याच्या शिव्या खात, भिंगं पुसत पुसत उचलली होती, आणि परीक्षा दिली तेव्हा तिला सगळं आधीच येत होतं, फक्त त्याची नावं माहीत नव्हती. लोक तिच्याकडे डोळे घेऊन यायचे तशा तक्रारीही घेऊन यायचे. जिन्याची शेवटची पायरी चुकते. सुईत दोरा जात नाही. हस्तांदोलन करायला गेलो तर हात हवेतच. अशा माणसाला ती एक डोळा झाकून टेबलावरच्या पेन्सिलच्या टोकाला बोट लावायला सांगायची, आणि बोट पेन्सिलच्या अलीकडेच थांबलं की समजायचं ते समजायची. एका डोळ्याला भिंत दिसते, दार दिसतं, रंग दिसतात; पण किती लांब, किती खाली, हे दोन डोळे आपसात हुज्जत घालून ठरवतात. एक गप्प बसला की दुसरा म्हणेल ते खरं. खोली म्हणजे राहायची जागा आणि खोली म्हणजे किती खोल तेही. एकाच शब्दात दोन्ही कोंबल्याचं तिला पूर्वी नवल वाटायचं. आता वाटत नसे. ज्याला दुसरी खोली कळेनाशी होते, तो पहिल्या खोलीतसुद्धा चाचपडायला लागतो, हे तिने किती जणांत पाहिलं होतं. घरात पाहायचं मात्र राहून गेलं. भिंगं पुसणाऱ्याचा स्वतःचा चष्मा नेहमी घाणेरडा, असं ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची. त्या सकाळी तिला ते हसू आठवून स्वतःचीच चीड आली.

तो लिफ्टवाला. सबंध आयुष्य लिफ्टच्या दुरुस्तीत गेलं. अख्खी वस्ती त्याला लिफ्टकाका म्हणायची. त्याचं एकच वेड होतं. लिफ्ट मजल्याला बरोबर टेकली पाहिजे, एका बोटाचाही फरक नको. बोटभर फरकाला लोक फरक म्हणतच नाहीत, तो म्हणायचा, आणि तिथेच तोंडावर आपटतात. लग्नाआधी तो तिच्या दुकानात पहिल्यांदा आला तेव्हा ती "अहो, हनुवटी इथे ठेवा" म्हणाली होती. तो गिऱ्हाईक होता म्हणून 'अहो', आणि मग तो नवरा झाला तरी 'अहो' तसाच राहिला. तिला वाटायचं, आपण अजून त्याची तपासणीच करतो आहोत. निवृत्त झाल्यावर काही महिने तो फार केविलवाणा झाला होता. मोठमोठ्या दुकानांत जायचा, काही विकत घ्यायचा नाही, नुसता लिफ्टमधून वर-खाली करायचा आणि घरी येऊन सांगायचा, "तिसऱ्या मजल्याला अर्धं बोट वर थांबते. कुणाला पडलेली नाही." मग एके दिवशी त्याला शहराबाहेरचं ते गवताचं मैदान सापडलं. तिथे दोन माणसांची, कापडाच्या पंखांची, चिमुकली विमानं होती. दोघांनी ढकललं की हातगाडीसारखी चालत. "आयुष्यभर बंद खोक्यातून वर गेलो," तो म्हणाला, "आता जरा उघड्यावर जाऊ दे." दातांच्या एका डॉक्टरबरोबर अर्धी अर्धी भागी करून त्याने त्यातलं एक घेतलं, शिकला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे परत आलं ते तिने पुन्हा कधी हरवू दिलं नसतं. इतक्या हलक्या विमानांना मोठ्या तपासण्या नसतात. आपण ठणठणीत आहोत असं उडवणाऱ्याने स्वतः म्हणायचं, बस. पण मैदानाचे मास्तर, जे सगळ्यांना शिकवायचे, ते डोळ्यांबाबत कडक. "काका, तुमच्या तर घरातच दुकान आहे. बाईंनी तोंडी सांगितलं तरी मला पुरे," ते म्हणाले होते. बाईंनी सांगितलं होतं. मागच्याच महिन्यात, फोनवर, एका हाताने फ्रेमचा स्क्रू पिळत. उत्तम आहेत म्हणून.

दुकान उघडताना, शटर वर सारताना, काउंटर पुसताना तिच्या डोळ्यांपुढे गेला रविवार येत राहिला. ती त्याच्या शेजारी बसली होती. त्या मैदानावर आकाशात कुणाला काही होत नसे. जे व्हायचं ते अगदी शेवटच्या दोन माणसांएवढ्या उंचीत. दातांच्या डॉक्टरने तिथेच पुढचं चाक मोडून घेतलं होतं. बेकरीवाल्याला आडवा वारा लागून त्याचं विमान उलटं झालं होतं, आणि पट्ट्यात वटवाघळासारखा लटकून तो "कुणी आहे का हो?" असं फार सभ्यपणे विचारत होता, ती गोष्ट बाकावर बसून सगळे पुन्हा पुन्हा सांगायचे आणि बेकरीवालाही हसायचा. एका गाणं शिकवणाऱ्या बाईंचं मात्र कुणी बोलत नसे. त्यांची टोपी शेडमध्ये खिळ्यावर होती. कुणी काढली नव्हती, कुणी झटकतही नव्हतं. उतरताना शेवटी नाक थोडं वर उचलायचं असतं, म्हणजे विमान आपटत नाही, दमलेलं माणूस खुर्चीत बसावं तसं बसतं. माणसाच्या उंचीवर आलं की उचलायचं. आधी उचललं तर ते तिथेच हवेत दम सोडतं आणि पडतं, उशिरा उचललं तर नाकावर येतं. जड विमानं आपल्या वजनाच्या जोरावर थोडं निभावून नेतात, ही पिसासारखी. फुंकर संपली की संपलीच. गेल्या रविवारी त्याने नाक उचललं तेव्हा खाली अजून एक मजला शिल्लक होता. तिच्या मनात तेव्हा हाच शब्द आला होता, मजला. मग खालचं सगळं एकदम वर आलं, दातांवर दात आपटले, विमानाने उडी घेतली, त्याने दांडी पुढे दाबली, आणि दुसरी उडी पहिलीपेक्षा मोठी बसली. तिसऱ्यांदा कुठे ते तिरकं होऊन थांबलं. "गवत ओलं होतं," तो म्हणाला. ती खाली उतरली तेव्हा तिच्या चपला कोरड्या होत्या. मास्तर हात पाठीमागे बांधून सावकाश चालत आले. "काका, उडी बसली की पुढे दाबायचं नाही. इंजिन द्यायचं, वर जायचं, परत यायचं. परत येण्यात कमीपणा नसतो." आणि मग तिच्याकडे वळून, गमतीने, "डोळे ठीक आहेत ना हो यांचे?" "माझ्यापेक्षा छान आहेत," ती म्हणाली होती. सगळे हसले होते. तोही हसला, पण जरा उशिरा. आता आठवलं तर जरा उशिरा.

दुपारपर्यंत गिऱ्हाइकं येत राहिली. एक वयस्क शिंपी तपासणीच्या खुर्चीत बसला होता आणि भिंतीवरच्या उजळलेल्या तक्त्यावरची अक्षरं वाचत होता, अडखळत, मान पुढे काढत, कपाळाला आठ्या घालत. "न... ठ की ढ? ठ. म..." असं तो म्हणाला आणि तिचा हात भिंगावर थबकला. माणूस असा वाचतो. शेवटच्या ओळीशी माणूस झगडतो, हरतो, लाजतो. मागच्या महिन्यात नवऱ्याने ती ओळ फाडफाड म्हटली होती, आणि तिला अभिमान वाटला होता! न ठ म ल प. या घरात ती ओळ कोण वाचत होतं? लेक लहान होती तेव्हा शाळेतून थेट दुकानात यायची, तिथेच खुर्चीत झोपायची, आणि तिला झोपवायला हा माणूस तो तक्ता वरपासून खालपर्यंत गाऊन म्हणायचा. वरचा एकटा ग, मग र व, मग बाकीची पलटण, आणि शेवटच्या ओळीत ठ वर एक लांबलचक हेल. तिघांनाही तो तक्ता झोपेत येत होता. कुणी उगाच बारीकसारीक चुका काढायला लागलं की घरात अजून म्हणायचे, "फार नठमल करू नको." जगातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला फसवता आलं नसतं अशी ती, आणि तिने आपल्या नवऱ्याची नजर आपल्याच घरच्या अंगाईवर तपासली होती. शिंप्याने विचारलं, "बाई, फार वाईट आहे का?" "नाही नाही," ती म्हणाली, "तुमचं फार प्रामाणिक आहे." शिंपी गोंधळून तिच्याकडे बघत राहिला.

तो गेल्यावर तिने पेटीतून दुसरा तक्ता काढला, लहान मुलांसाठी म्हणून आणलेला आणि कधी न वापरलेला, आणि जुन्याच्या जागी सरकवला. हे करताना तिला फार हलकट वाटलं. चोर पकडायला घरातलंच माणूस दबा धरून बसावं तसं. तो जेवणाचा डबा घेऊन आला, तेव्हा ती म्हणाली, "बसा जरा. नवीन दिवा घातलाय, कसा पडतो उजेड बघू." "कंटाळा कसा येत नाही तुला," म्हणत तो बसला. एरवी ती डावा डोळा आधी बघायची. आज तिने डावा झाकला. अंधारात ती त्याच्या मागे उभी होती; त्याचं टक्कल, कानामागची पांढरी लव, शर्टाची उसवलेली कॉलर, सगळं इतकं ओळखीचं की रडू यावं. "वाचा." आणि तो वाचायला लागला. ग. र व. भिंतीवर ग नव्हता, र नव्हता, व नव्हता. तो एकेक ओळ उतरत होता, न चुकता, न थांबता, जणू रोजच्या जिन्याने; आणि शेवटच्या ओळीला ठ वर तोच जुना हेल आला, बारीक, त्याच्याही नकळत. न ठ म ल प. मग तिचा हात आपोआप सवयीने हलला आणि झाकण डाव्या डोळ्यावरून उजव्यावर गेलं. तो गप्प झाला. समोर आता त्याला खरा तक्ता दिसत होता. खोलीत दिव्याची घूं घूं ऐकू येत होती. मग त्याने ती नवी अक्षरं वाचली, हळूहळू, परक्या घरावरची पाटी वाचावी तशी. श. ड. क. व. ट. आणि ती म्हणाली, "छान."

हा शब्द तिच्या तोंडून तपासणी संपली की निघायचाच. दाराला धक्का लागला की घंटी वाजते तसा. कुणी शेवटची ओळ वाचो, कुणी वरचाच ग न वाचो, ती 'छान' म्हणायची आणि दिवा लावायची. त्यानंतर काय ते खरं सांगायची. आजही तिने दिवा लावला. तो खुर्चीत तसाच बसून होता, तिच्याकडे बघत, आणि तिने काय ते खरं सांगायला तोंड उघडलं. पण त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी पसरत होतं की तिला ते ओलांडून जाता येईना. सुटका म्हणावी तर तशी, लाज म्हणावी तर तशी. "डबा गार होतोय," तो म्हणाला. ती म्हणाली, "हो, खाऊन घेऊ." दोघं काउंटरमागे शेजारी बसून जेवले. त्याने पाण्याचा पेला घेताना आधी बोटांनी काउंटर चाचपला, मग पेला. आता तिला सगळंच दिसायला लागलं होतं. दाराच्या चौकटीला हलकेच लागणारा खांदा, कुलपाशी किल्लीची खाटखूट, फुटपाथच्या कडेला पायाने घेतलेला अंदाज. महिने झाले असतील. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर काही झालं असणार, ते मोठ्या डॉक्टरने बघायला हवं, कदाचित अजून काही वाचेलही. संध्याकाळी बोलू, तिने ठरवलं. एका डोळ्याची माणसंही पुढे सगळं शिकतात, गाडी चालवतात, विमानंसुद्धा चालवत असतील. पण त्यांना आधी मान्य करावं लागतं, मग नव्याने शिकावं लागतं. हे असं गोड शब्दांत बोलू. संध्याकाळी.

संध्याकाळी लेक आली. दुसऱ्या गावी नोकरी, एका दिवसाची सुट्टी, पाठीवर पिशवी. उंबऱ्यातच तिने जाहीर केलं, "बाबा, उद्या मी बसणार हं तुमच्या त्या पतंगात." "पतंग म्हणू नको, इंजिन आहे त्याला," तो म्हणाला. "शिवणयंत्रालापण असतं, बाबा." तो खळखळून हसला, मग हसता हसता त्याने बायकोकडे पाहिलं. तो बघतच राहिला. ती बोलेल याची वाट बघत होता की ती बोलणार नाही याची, हे तिला त्या वेळी कळलं नाही. आता बोलायचं, ती मनात म्हणाली, आत्ता. आणि ऐकलं तर तिचाच आवाज म्हणत होता, "पहाटे गारठा असतो गं तिथे." जेवताना तो दोन्ही हातांचं विमान करून लेकीला उतरणं समजावून सांगत होता, उजवा हात म्हणजे विमान, डावा हात म्हणजे जमीन, आणि विमान दर वेळी जमिनीला लागायच्या जरा आधीच थांबत होतं, मधे फट राहत होती. लेकीला काही कळलं नाही. तिला मात्र ती फट सोडून दुसरं काही दिसेना. झोपायच्या आधी त्याने पाठ फिरवली आणि ती त्याच्या पाठीशी मनातल्या मनात बोलत राहिली, किती शहाण्या, किती मायेच्या वाक्यांत. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. आपण त्याला जपतो आहोत की आपलं ते फोनवरचं 'उत्तम' जपतो आहोत, असा एक विचार येऊन गेला. त्याला तिने घाईघाईने बाहेर काढलं आणि कडी लावली.

सकाळी मैदानावर वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी काठीला मरगळून लटकली होती. आभाळ दुधी, आवाज सगळे जवळचे. मास्तर बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. "आज राजयोग आहे काका, पान हलत नाही." लेक पट्टे बांधायला पुढे झाली तेव्हा ती एकदम मधे आली. "आधी मी." "आई! तू तर दर रविवारी बसतेस." "म्हणून तर. सीट गरम करून देते." "कोंबडी आहेस का तू?" मास्तर हसले. तो मात्र हसला नाही. त्याने तिच्यासाठी दार धरलं, तिचा पट्टा ओढून बघितला, एकदा आणि पुन्हा एकदा. वर गेल्यावर सांगायचं असं तिने ठरवलं होतं. वर तिसरं कुणी नसतं, कानावरच्या यंत्रातून फक्त दोघांचाच आवाज दोघांना. त्याला सांगायचं की आज ही एक चक्कर झाली की पोट दुखतंय म्हणा, लेकीला पुढच्या वेळी म्हणा, मग उद्याच मोठ्या डॉक्टरकडे. किती सोपं होतं. इतकं सोपं की वर जाऊन सांगितलं तर खाली कुणी उतरवायचं, हा साधा प्रश्न तिच्या डोक्यात आलाच नाही. तो आला ते थेट वर, घरं काडेपेट्यांएवढी झाल्यावर.

तो सुंदर उडवत होता. वर उडवायला खोली लागत नाही. वर सगळंच लांब. त्याचे खांदे सैल झाले होते, ओठ शीळ घालायच्या बेतात होते. "अहो," ती म्हणाली, "काल मी तक्ता बदलला होता." "कळलं ना मला," तो म्हणाला. त्याने मान वळवली नाही. "डावा उघडलास तेव्हा कळलं." "मग आज आलात कसे?" "तू छान म्हणालीस." तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "रात्रभर मी तोच विचार करत होतो," तो पुढे म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "हिला माहीत आहे. आणि माहीत असून ही छान म्हणाली. म्हणजे हिने हिशेब करून बघितला असेल. डावा चांगला आहे, बाकी सवय आहे, चालेल, असं काहीतरी. तुला डोळ्यांतलं कळतं. मला वाटलं, तू मला पास केलंस." "मी सगळ्यांनाच छान म्हणते हो!" तिचा आवाज यंत्रातून तिच्याच कानात फुटला. "ते तोंडातून निघतं नुसतं!" इंजिनचा आवाज होत राहिला. खाली मैदान फिरून त्यांच्या बाजूला आलं, हिरवी अरुंद पट्टी, कडेला शेड, शेडपाशी एक ठिपका, तो ठिपका हात हलवत होता. "बरं," तो म्हणाला. एवढंच. पण त्याचे खांदे पुन्हा वर चढले होते, दांडीवरची बोटं पांढरी पडली होती. आज तो तिच्या त्या 'छान'च्या भरवशावर वर आला होता. तो भरवसा तिने आत्ता, हवेत, त्याच्या हातातून काढून घेतला होता. त्याहून वाईट जागा शोधून सापडली नसती.

"तू सांग," तो म्हणाला. "मी बाकी सगळं करतो. कधी उचलायचं ते तू सांग." पहिल्यांदा ते पट्टीवर आले तेव्हा ती काहीच बोलू शकली नाही, गवत अंगावर धावून येत होतं, आणि त्याने इंजिन दिलं, विमान गुरगुरत वर गेलं. "परत येण्यात कमीपणा नसतो," तो मास्तरांच्या आवाजात म्हणाला, आणि त्याही स्थितीत दोघं हसले, एकदाच, खोकल्यासारखं. ती मनात मापं शोधत होती. आयुष्यभर तिने लोकांच्या नजरा मोजल्या, पण मध्ये कायम भिंग होतं, खुर्ची होती, भिंत ठरलेल्या अंतरावर होती. उघड्यावर उंची कशाने मोजतात? माणसाच्या उंचीवर, मास्तर म्हणायचे. कुठला माणूस? मग तिला ती दिसली. लेक पट्टीच्या कडेला, सुरक्षित अंतरावर, येऊन उभी होती, सरळ, लांबट, बापाच्या बांध्याची. ही उंची तिला पाठ होती. दाराच्या चौकटीवर वर्षानुवर्षं तिनेच खुणा केल्या होत्या. तिच्या डोक्याच्या पातळीला आपण आलो की झालं. ती लेकीवर नजर रोखून बसली. "दोन माणसं," ती म्हणाली. "बरोबर चाललंय. दोनापेक्षा कमी. दीड." आवाज तिचा तिलाच परका वाटला, गिऱ्हाइकाला धीर देणारा. "आता?" त्याने विचारलं. त्याने तिला असं कधीच काही विचारलं नव्हतं, इतक्या उघड्या आवाजात. लेकीचं डोकं अजून खाली होतं, बरंच खाली. "अजून नाही," ती म्हणाली. "आता?" "अजून नाही, थांबा." आणि त्याच क्षणी तिला नीट दिसलं की लेक उभी नाही. फोटो चांगला यावा म्हणून ती गुडघ्यावर बसली होती.

"उचला!" हा शब्द तिने उच्चारला की नुसता मनात आणला, ते तिला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. पुढचं चाक लागलं आणि गेलं. नाक गवतात घुसलं, पंखा तडातडा मोडला, मातीची एक लाट काचेवर चढली आणि सगळं जग तिरकं होऊन, कण्हत, घसरत घसरत थांबलं. शांतता इतकी झाली की कुठेतरी थेंब थेंब गळत होतं ते ऐकू आलं. पेट्रोलचा वास. त्याचा हात आला, चाचपडत, आधी तिच्या चेहऱ्यावर, मग खांद्यावर, मग पट्ट्याच्या खिट्टीवर. "निघ," तो म्हणत होता, "निघ, निघ." मास्तरांनी बाहेरून दार उखडलं. दोघांना त्यांनी ओढत गवतावर लांब नेलं. त्याचा खांदा भलताच खाली उतरला होता. तिच्या मनगटातून रक्त येत होतं आणि दुखत अजिबात नव्हतं, त्याची तिला भीती वाटली. लेक धापा टाकत आली, गळ्यातला रुमाल सोडून आईच्या मनगटाला गुंडाळायला लागली, तोंडाने नुसतं "काही नाही, काही नाही" चाललं होतं.

"काय झालं काका?" मास्तरांनी विचारलं. वाऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. पिशवी काठीला लटकलेलीच होती. तो गवताकडे बघत म्हणाला, "उजव्या डोळ्याने मला दिसत नाही, मास्तर. बरेच महिने." मग लेकीने मान वर केली. "पण आई, तू तर तपासले होतेस ना बाबांचे डोळे?" प्रश्नात आरोप नव्हता, नुसती मोजणी जुळत नव्हती. ती उत्तर देणार तोच तो मधे बोलला, घाईने, दुखऱ्या खांद्यावर वळायचा प्रयत्न करत. "तिला फसवलं मी. तक्ता पाठ होता मला. तिला यातलं काहीएक माहीत नव्हतं." मास्तरांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. लेकीलाही पटत होतं. तिचा चेहरा बापाकडे वळायला लागला होता, रागाने आणि मायेने. फक्त गप्प बसायचं होतं. काल दुपारपासून ती तेच तर करत आली होती, आणि किती छान जमत होतं.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "काल दुपारीच कळलं. तू यायच्या आधी."

लेकीने रुमाल सोडला नाही. दोन्ही टोकं तिच्या दोन हातांत तशीच होती, ताणून धरलेली. पण गाठ मारायची थांबली.